शंभर पावलांवरचा कागद

हातात आलेली कुठलीही पोकळ वस्तू आधी डोळ्याला लावायची, अशी चाचांची सवय होती. पाण्याच्या पाइपाचा तुकडा असो, वर्तमानपत्राची सुरळी असो, डावा डोळा मिटायचा, वस्तू उजेडाकडे धरायची आणि आतून बघायचं. कारखान्यातल्या एकाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. सनईवाला चहा प्यायला थांबला, तेवढ्यात ह्यांनी त्याची सनई उचलून मांडवाच्या दिव्याकडे धरली. सनईवाला कप हातात धरून बघतच राहिला. चाचांनी सनई जागेवर ठेवली आणि म्हणाले, "आतून किंचित वाकडी आहे. पण सुराला चालेल."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. निवृत्त शिक्षक दुकानांच्या पाट्यांवरचं शुद्धलेखन तपासत हिंडतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त चाचांच्या धंद्याचा विषय नळी हा होता.

त्यांचं नाव लिहीत नाही. कारखान्यात सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणत असे. खडकीत तेव्हा सुटे भाग बनवणारे खासगी कारखाने बरेच होते, त्यातल्याच एकात ते तपासनीस होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. ते मोजायचे, मी लिहायचो. ते मला नावानं हाक मारत नसत. "लिहा, कारकून," म्हणायचे, आणि आकडा सांगून झाला की पुढे ठरलेलं वाक्य, "जे आहे ते लिहा."

नवा होतो तेव्हा एकदा मी एक आकडा केसभर सरळ करून लिहिला. माल जवळजवळ बरोबर होता, उगाच कशाला नाकारायचा, असं मला वाटलं. चाचांनी वही मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे काय?"

"चाचा, एवढंसं तर होतं."

"लोखंडावर कसली दया करता?" असं म्हणून त्यांनी तो आकडा मला खोडायला लावला. खोडल्यावर शेजारी सही करायला लावली. त्यानंतर तेवीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून खरे आकडे लिहिले. हे मुद्दाम सांगतो. मला खरं लिहिता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की ते वडिलांचं बोलायचे. वडील बंदुका दुरुस्त करायचे, खडकी बाजारात त्यांचं पाच फुटी दुकान होतं. शिकारीच्या हौशी साहेबांपासून रानडुकरांनी पिकं उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्यांपर्यंत सगळे त्यांच्याकडे यायचे. हिंजवडीच्या एका शेतकऱ्याची एक ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू, मग शिशाची गोळी घालून गजानं ठासायची. ही साधी नव्हती. तिच्या नळीत आतून पेचदार आटे होते, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि सरळ जाते. ते आटे गंजून गेले होते. चाचांच्या वडिलांनी हातानं, लाकडाच्या साच्यावरून पातं ओढून ओढून, तिन्ही आटे नव्यानं कापले. सबंध पावसाळा त्यात गेला. चाचा तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. पातं किती वेळा ओढलं हे मोजत बसायचं काम त्यांच्याकडे होतं.

बंदूक परत गेली. पंधरा दिवसांत हिंजवडीच्या उसात डुक्कर शिरलं. शेतकऱ्याच्या थोरल्या मुलानं वीस पावलांवरून गोळी झाडली, ती लागली नाही, आणि डुकरानं त्याला मांडीपासून पोटापर्यंत फाडला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

गाव म्हणालं, कारागिरानं नळी बिघडवली. मुलाचा बाप दुकानात आला आणि सगळ्या बाजारासमोर नाही नाही ते बोलला. चाचांच्या वडिलांनी उलट शब्द काढला नाही. त्यानंतर कुणी त्यांच्याकडे बंदूक आणली नाही, त्यांनीही मागितली नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी स्टोव्ह आणि कुलपं दुरुस्त करण्यात काढली आणि एक दिवस कुलूप दुरुस्त करता करताच ते गेले.

"वीस पावलांवर नळीचा संबंधच काय?" चाचा भाकरीचा घास हातात धरून म्हणायचे. "वीस पावलांवर घाबरलेला माणूस हत्तीलाही चुकवेल. दोष नळीत नव्हता."

"मग तुम्ही गप्प का बसलात इतकी वर्षं?"

"माझं मत कोण विचारतो? कागद पाहिजे. शंभर पावलांवरून पाच गोळ्या, एका ताटलीएवढ्या जागेत. तो कागद घेऊन मी हिंजवडीला जाणार. मग बोलू."

माणसं निवृत्त झाली की काशीला जातात, हजला जातात, मुलाकडे जाऊन भाजी निवडत बसतात. चाचा निवृत्त झाले आणि हिंजवडीला गेले. बंदूक त्या घरात अजून भिंतीवर होती. मेलेल्या मुलाचा धाकटा भाऊ, आता स्वतः म्हातारा झालेला, त्याला सगळे आबा म्हणत. आबांनी बंदूक द्यायला हरकत घेतली नाही. "न्या. आमी तर तिला हातबी लावत न्हाई," एवढंच म्हणाले. ती चाचांच्या परवान्यावर चढवण्यासाठी कचेरीत नऊ महिने हेलपाटे घालावे लागले. चाची म्हणायच्या, "मेरे कू मूल व्हायला बी इतनाच टाइम लगा था."

वारज्याच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी, एका रायफल क्लबचं मैदान होतं. आता तिथे सोसायट्या आहेत. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथे जायचो. चाचा शंभर पावलांवर पालथे झोपून नेम धरायचे आणि मी समोरच्या खंदकात. माझ्या डोक्यावर लाकडी चौकटीला कागद लावलेला असे. गोळी लागली की चौकट खाली ओढायची, भोक कुठे पडलं ते पाहायचं आणि काठीला लावलेली पत्र्याची तबकडी वर करून नेमबाजाला दाखवायचं. झाडणाऱ्याला तिकडून काही दिसत नाही. खंदकातला माणूस जे दाखवेल ते खरं, त्यावर वाद घालायचा नाही, असा त्या मैदानाचा रिवाज होता. मी कारकून, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. झाडलेला प्रत्येक कागद मी तारीख घालून चाचांना देत असे.

पहिल्या रविवारी पाच गोळ्यांपैकी दोनच कागदावर लागल्या. बाकीच्या टेकडीनं घेतल्या. क्लबातले लोक हसले. एकजण म्हणाला, "चाचा, टेकडी मोठी आहे म्हणून बरं." चाचा म्हणाले, "मोठी आहे म्हणूनच इथे आलोय," आणि शांतपणे नळी पुसू लागले.

त्यांची पद्धत कारखान्यातलीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच गोळ्या झाडायच्या, कागद बघायचा. सगळ्यात आधी त्यांनी गोळ्या बदलल्या. जुन्या साच्यातल्या गोळ्या नळीला सैल होत्या. त्यांनी नवा साचा केला, असा की गोळी नळीच्या तोंडात ठेवली की पडू नये आणि गजाच्या नुसत्या वजनानं खाली उतरावी. पुढे दारू आली. मापानं ओतायची सोडून त्यांनी ती सोनाराच्या काट्यावर तोलायला सुरुवात केली. मग गज. दर वेळी सारखंच ठासलं गेलं पाहिजे म्हणून त्यांनी गजावर खूण केली. दर गोळीनंतर ओल्या फडक्यानं नळी पुसायची, कारण काळ्या दारूची काजळी साचली की पुढची गोळी वेगळी जाते.

गोळीला वंगण लागतं. पुस्तकात मेण आणि चरबी लिहिली होती. चाचा म्हणाले, "सत्तावन्न सालापासून या देशात त्या चरबीवरून भांडण चालू आहे. आपण मेण आणि साजूक तूप घेऊ. कुणाचीच हरकत नको." तूप माझ्या घरचं जायचं. बायको म्हणायची, मला वरणावर थेंब मिळत नाही आणि बंदुकीला वाटीभर.

पण कागद आवळत चालला. भोकं पडत होती ती आधी परातीएवढ्या जागेत, मग ताटाएवढ्या. एक दिवस चाचांच्या लक्षात आलं की पावसात दस्त्याचं लाकूड फुगून नळीला एका बाजूनं दाबतंय. त्यांनी तिथलं लाकूड कागदाच्या जाडीएवढं तासलं. त्या रविवारी पाचही गोळ्या ताटलीपेक्षा दोन बोटं जास्त एवढ्या जागेत आल्या. मी खंदकातून कागद घेऊन धावत आलो. चाचांनी तो हातात घेतला आणि बोटं ठेवून मोजला. मग म्हणाले, "दोन बोटं राहिली, कारकून. बाप माझा दोन बोटांवर आलाय."

मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. परत येताना बसमध्ये त्यांनी कंडक्टरची सुटी नाणी ठेवायची नळी मागून घेतली आणि आतून बघितली.

ती दोन बोटं कधीच मिटली नाहीत. पुढच्या महिन्यात तीन झाली, मग चार, मग पुन्हा ताट. चाचांनी सगळं पुन्हा तपासलं. नवा साचा केला. काटा सोनाराकडून तपासून आणला. दस्ता दोनदा सोडून बसवला. काहीच बदललं नव्हतं आणि तरी गोळ्या पांगत होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते आमच्यासमोर घडत होतं, पण काखेकडे बघायला कुणी तयार नव्हतं. निदान मी तरी नव्हतो. कारण मला संशय आला होता.

एकदा मी त्यांच्या दारात अगदी समोर उभा होतो तर त्यांनी "कोण?" विचारलं. वर्तमानपत्र ते मान तिरकी करून वाचायला लागले होते. चाचींनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "भाऊ, ह्यांना डॉक्टरकडे न्या ना. चहा कपाच्या बाहेर ओततात. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." मी "नेतो, नेतो" म्हणालो. तीन महिने म्हणत राहिलो. ज्या माणसानं सारं आयुष्य केसभराचा फरक डोळ्यानं पकडला त्याला डोळ्यांबद्दल कुठल्या तोंडानं बोलायचं, हे मला समजत नव्हतं. खरं तर मी भित्रा होतो.

चाचांनाही संशय आलाच. ते मूर्ख नव्हते. एका रविवारी मैदानावर बसल्याबसल्या म्हणाले, "नळीच्या टोकावरची माशी हल्ली धुरकट दिसते." माशी म्हणजे नेम धरायचा दाणा. "धुरामुळे असेल, वयामुळे असेल. माझं मत नको. कागदाला विचारू."

त्यांनी योजलेली चाचणी इतकी सरळ होती की मला आजही तिचं कौतुक वाटतं. क्लबची एक साधी रायफल होती. ती अचूक होती हे सगळ्यांना माहीत होतं. नवखा माणूससुद्धा तिनं काळ्या वर्तुळात पाच गोळ्या मारायचा. चाचा त्याच जागेवरून तिनं पाच गोळ्या झाडणार. गोळ्या पांगल्या, तर दोष डोळ्यात आणि बंदूक दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची. गोळ्या एकत्र लागल्या, तर डोळा ठीक.

"आणि डोळा ठीक निघाला तर?" मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

मी खंदकात उतरलो. पाच आवाज झाले. चौकट खाली ओढली. एक भोक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात होतं, एक खाली अगदी कडेला, दोन काळ्याच्या बाहेर एकमेकांपासून वीतभर लांब. पाचवं सापडलंच नाही.

मी किती वेळ तिथे उकिडवा बसलो होतो ते सांगता येणार नाही. वरून त्यांचा आवाज आला, "कारकून, काय आहे?" माझ्या शेजारी सकाळी त्याच रायफलनं कुणा पोरानं झाडलेला कागद पडला होता. चार काळ्यात, एक काठावर. मला वाटलं, आज राहू दे. आज रविवार आहे, माणूस मैदानावर आहे, चार लोक बघताहेत. या आठवड्यात मी त्यांना डॉक्टरकडे नेईन आणि डॉक्टर सांगतील. डॉक्टरांना सांगायची सवय असते.

मी तबकडी वर करून चार काळ्यात दाखवल्या, एक काठावर. मग तो दुसरा कागद घेऊन वर आलो. त्यांनी त्यावर तारीख घालायला सांगितली. मी घातली.

मला वाटलं होतं, ते हसतील. चाचांनी कागद चेहऱ्याजवळ नेला, अंगठ्यानं एकेक भोक चाचपलं, कागदाची घडी केली आणि जवळच्या दगडावर बसले.

"म्हणजे डोळा ठीक आहे," ते म्हणाले.

"हो, चाचा."

"गोळी ठीक, दारू ठीक, लाकूड ठीक, डोळा ठीक." कागदाची घडी त्यांनी खिशात घातली. "मग नळीच."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही म्हणाल, हे आधी कसं कळलं नाही? तेवीस वर्षं मी आकडे लिहिले होते. आकड्यांतून काय निघतं ते ठरवायचं काम कधीच माझं नव्हतं, ते चाचांचं होतं. मी तोंड उघडलं. त्याच क्षणी क्लबातला कुणीतरी "काय चाचा, कसा आला कागद?" विचारत जवळ आला. मी तोंड मिटलं. उद्या सांगू असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ठरवलं.

आठवड्यानं ते मला घेऊन हिंजवडीला गेले. तेव्हा तिथे कंपन्या नव्हत्या, ज्वारी होती. आबा ओट्यावर बसले होते. चाचा उभ्यानंच म्हणाले, "आबा, मी दोन वर्षं तपासलं. तुमचे वडील खरं बोलत होते. दोष नळीत होता. माझ्या वडिलांच्या हातून आटे चुकले. त्यांच्या वतीनं मी माफी मागायला आलोय."

आबांनी त्यांना हाताला धरून बसवलं. गुळपाणी आलं. मग आबा म्हणाले, "मिस्त्री, त्यानं काय माझा भाऊ परत यायचा हाय? पर एक सांगू का? आमचा बा मरताना म्हनला व्हता, त्या कारागिराला म्या भर बाजारात बोल लावला, त्याची चूक नसंल तर काय? त्यो घोर घिऊन गेला बिचारा. आज सुटला म्हनायचा."

म्हणजे सगळ्या जगात एक माणूस असा होता ज्याला चाचांच्या वडिलांबद्दल संशयाचा फायदा द्यावासा वाटला होता, आणि आम्ही दोघांनी बसचं तिकीट काढून जाऊन तोही पुसून टाकला. चाचांनी हात जोडले. मीही जोडले. गुळाचा खडा माझ्या हातात तसाच विरघळत होता.

अजूनही वेळ होती. बंदूक होती, आबा होते. त्या पोराला बोलावून पाच गोळ्या झाडायला लावल्या असत्या तर अर्ध्या तासात उत्तर मिळालं असतं. हे मी इथे लिहिताना जेवढं सोपं दिसतं तेवढंच तेव्हाही सोपं होतं.

चाचांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, परवाना परत केला आणि परवानगी घेऊन नळी शिकंज्यात धरून करवतीनं कापली. तीन तुकडे केले. मी शेजारी होतो. पहिला तुकडा वेगळा झाला तेव्हा त्यांनी करंगळी आत घातली आणि हळूहळू फिरवली. पुन्हा फिरवली.

"हाताला तर सारखे लागतात," ते म्हणाले. "तिन्ही सारखे."

मी भिंतीकडे बघत होतो.

"पण कागद खोटं बोलत नाही," असं म्हणून त्यांनी पुन्हा करवत लावली. दुसऱ्या दिवशी तुकडे भंगारात गेले.

त्यानंतर रविवार मोकळे झाले. मी त्यांच्याकडे जायचं टाळू लागलो. कामं काढली, मुलीचं कॉलेज काढलं, वारज्याला घर बांधायला घेतलं होतं ते काढलं. अधूनमधून चाची भेटायच्या. "बोलतच नाहीत हो," म्हणायच्या. "अब्बांचा फोटू उतरवून ठेवलाय."

सात-आठ महिन्यांनी चाचीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मला विचारलंही नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. उजवा तर कधीच गेला होता, डावाही त्याच वाटेवर. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून आहे? मग स्वतःच म्हणाले, उजव्याला निदान दोन वर्षं झाली असणार.

दोन वर्षं हा आकडा ऐकल्यावर चाचांना बाकीचा हिशोब करायला किती वेळ लागला असेल? त्याच संध्याकाळी ते चाचींचा हात धरून वारज्याला माझ्या अर्धवट घरी आले. चाचींना त्यांनी बाहेर बसवलं. माझ्याकडे तोंड केलं, पण बघत होते माझ्या कानाच्या बाजूला. त्यांना आता कडेनंच थोडं दिसत असे.

"त्या दिवशी खंदकात काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. कोपऱ्यातलं भोक, कडेचं भोक, न सापडलेली गोळी, पोराचा कागद. सांगताना मी रडलो. माझं रडणं संपेपर्यंत ते थांबले. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"का?" एवढंच विचारलं.

"तुमची दया आली, चाचा."

त्यांनी एकेक बोट मिटत मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे नळी ठीक होती."

"हो."

"मला आता हे सांगायला हवं." ते उठायला लागले आणि अर्ध्यातच खाली बसले. आबा मागच्या महिन्यात गेले होते. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. "कोणाला सांगू?" चाचांनी मला विचारलं. ते चिडून विचारत नव्हते. त्यांना खरोखर माझ्याकडून उत्तर हवं होतं. आज बंदूक नाही, आबा नाहीत, आबांच्या मुलांनी जमिनी विकल्या, त्यांना तर डुकराची गोष्टही धड माहीत नाही. चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. जे खरं होतं ते माहीत असलेला मी एकटा उरलो आहे, आणि माझ्या शब्दाची किंमत काय ते तुम्ही आताच वाचलंत.

पण ते जाण्याआधी, त्या संध्याकाळनंतर दोन दिवसांनी, त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मला कब्रस्तानात घेऊन चला. मला आता जागा सापडणार नाही."

खडकीच्या कब्रस्तानात कडुनिंबाखाली त्यांच्या वडिलांची कबर होती. दगडावरचं नाव पुसट झालं होतं. त्यांनी मला सगळी अक्षरं वाचायला लावली, तेव्हाच त्यांची खात्री पटली. ते पायथ्याशी उभे राहिले, हात पसरून त्यांनी दुआ मागितली, हात तोंडावरून फिरवले. मी चपला काढून थोडा लांब उभा होतो. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"आता तुम्ही सांगा," ते म्हणाले.

"मी? मी काय सांगू, चाचा?"

"जे पाहिलंत ते. मी सांगून उपयोग नाही. हिंजवडीहून आलो त्या दिवशी मी इथे येऊन त्यांना सांगून गेलो होतो, की दोष तुमचाच होता. आता माझं ते कशाला ऐकतील?"

त्या माणसाला काय म्हणून हाक मारावी तेच सुचेना. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. अब्बा म्हणावं तर माझा हक्क काय, आणि नावानं हाक मारायची माझी लायकी नव्हती. शेवटी हाक न मारताच मी म्हणालो, "पाच गोळ्या होत्या."

"जरा मोठ्यानं," चाचा म्हणाले. "त्यांना कमी ऐकू यायचं."